डॉ. आनंदीबाई जोशी

स्त्रीने आपले दुखणे चारचौघांत बोलू नये, मग पुरुष वैद्याकडून उपचार घेणे तर दूरच, असा एके काळी आपल्या समाजाचा दंडक होता. मातृत्वाची थोरवी सर्व जण गात; परंतु बाळंतिणीला मात्र विटाळ मानून दहा दिवस अंधाऱ्या खोलीत वेगळे ठेवले जाई. सुईणीवाचून तिला दुसरा आधार नसे. आई किंवा मूल दगावले, तर लोक दैवाला बोल लावून स्वस्थ बसत.

अशा काळात, ३१ मार्च १८६५ रोजी, आनंदीबाईंचा जन्म झाला. त्यांचे माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्यातील ही मुलगी नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांची पत्नी झाली. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. स्त्रीशिक्षणाचा त्यांना ध्यास होता; त्यांनीच पत्नीला शिकवले. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला. पण योग्य उपचारांअभावी ते बाळ दहा दिवसांतच गेले. लाजेपायी स्त्रिया औषधोपचाराला मुकतात, तेव्हा स्त्रियांनीच वैद्यक शिकले पाहिजे, हे त्यांच्या मनाने घेतले.

फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे भरसभेत त्यांनी हा विचार निर्भयपणे मांडला. समुद्रपर्यटन तेव्हा निषिद्ध मानले जाई. तरीही एप्रिलमध्ये त्या पतीला मागे ठेवून अमेरिकेस निघाल्या. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश मिळवला. कडाक्याच्या थंडीने प्रकृती खालावली, पण अभ्यासात खंड पडला नाही. प्रबंधासाठी त्यांनी हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला. ज्याविषयी घरात कुजबुजही होत नसे, त्याचा त्यांनी शास्त्र म्हणून अभ्यास केला. आपल्या प्राचीन ग्रंथांतील ज्ञानही त्यांनी त्यासाठी धुंडाळले.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. परंतु क्षयाने त्यांना आधीच ग्रासले होते. कामावर रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या वयाला बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

बाळंतपण हा विटाळ नव्हे. तो शरीराचा धर्म आहे आणि त्याला ज्ञानाची जोड हवी, हे आनंदीबाईंचे जीवन शिकवते. त्यांच्या हातून रुग्णसेवा घडली नाही. पण त्यांनी दाखवलेल्या वाटेने पुढे असंख्य मुली गेल्या.