एकेक नाणे, एकेक फाईल

माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासतो. गेल्या रविवारी चिंचवडला आमच्याकडे जेवायला आला, तो संगणक घेऊनच. प्रत्येक पाळीच्या मोजमापांची एक एक्सेल फाईल, अशा वर्षभराच्या शेकडो फायली त्याला एकत्र करायच्या होत्या. ‘आर’ नावाच्या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत त्याने चार-सहा ओळी लिहिल्या. फाईल उघड, वाच, तक्त्याला जोड, पुढची घे, शेवटचीपर्यंत हेच. याला ‘लूप’ म्हणतात. पानावरचा भात संपायच्या आत काम झाले! फक्त चार फायली वाचता येईनात. त्या वगळून पुढे जा, अशी ओळ तो घालू लागला आणि मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवले.

बौद्ध धर्माचे पंडित धर्मानंदांचे हे चिरंजीव. जन्म १९०७ सालचा, गोव्यातल्या कोसबेनचा. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते परतले आणि बनारस, अलीगढ करीत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. संख्याशास्त्र शिकायला खरा प्रश्न हवा, म्हणून त्यांनी प्राचीन चांदीची, ठसे मारलेली नाणी हाती घेतली.

विचार साधा होता. नाणे हातोहाती फिरले की झिजते. जितके जास्त फिरले, तितके सरासरीने हलके. कोसंबींनी हजारो नाणी एकेक करून तोलली. उचल, तोल, लिही, ठेव. तक्षशिलेच्या साठ्यात त्यांना दिसले, की मागच्या बाजूचे ठसे वाढतात तसे सरासरी वजन घटते. पडताळा म्हणून त्यांनी बाजारातली चालू नाणीही वर्षवार लावून तोलली. मुक्या नाण्यांना असा काळाचा क्रम मिळाला. आवडीचे नाणे पुढे नाही, अडचणीचे मागे नाही.

भर्तृहरीच्या शेकडो हस्तलिखितांशीही ते असेच वागले. ती संशोधित आवृत्ती १९४८ मध्ये आली. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना डेक्कन क्वीनने ते मुंबईला जात, आपल्या पिंपरी-चिंचवडवरूनच. देहू, कार्ले हा मुलूख त्यांनी पायी धुंडाळला. १९६२ मध्ये ती नोकरी सुटली आणि २९ जून १९६६ रोजी पुण्यात ते गेले.

वाचकहो, बँकेत असताना एका रात्री खातेवहीचे एक पान मी न वाचताच बरोबरची खूण केली होती. त्यापायी एका निवृत्त शिक्षिकेला तीन महिने हेलपाटे पडले. म्हणून भाच्याला विचारले, “त्या चारांत आहे काय?”

त्याने हाताने फायली उघडल्या. चारही रात्रपाळीच्या. आकड्यांच्या रकान्यात कुणी कामगाराने लिहिले होते : मशीन गरम, मोजमाप थांबवले.

भाच्याने ती ओळ पुसली.