पांडुरंगाच्या दारात दहा दिवस उपाशी बसलेले साने गुरुजी

पंढरपूर : मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत अंगावर पडून गेलेल्या चोखोबांची समाधी विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर आहे. आत जायची परवानगी नव्हती, म्हणून समाधीही बाहेरच. त्यानंतर सहाशे वर्षं अस्पृश्य वारकरी पायरीवर डोकं टेकून माघारी फिरत होता. हे दार उघडायला आला तो माणूस कोकणातला, आणि त्याचंही नाव पांडुरंगच.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचा. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात मास्तर झाले. 1930 ला नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले, मग तुरुंगच तुरुंग. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यामुळे लोकांना गुरुजी म्हणजे रडवणारे लेखक एवढंच माहीत. पण माणूस हट्टी होता.

1946 च्या कार्तिकीलाच ते उपोषणाला बसणार होते. सेनापती बापट वगैरे मंडळींनी थांबवलं, आधी लोकांची मनं तयार करा म्हणाले. गुरुजींनी ते मनावर घेतलं. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक घेऊन महाराष्ट्रभर गावोगाव सभा केल्या. कितीतरी गावांत देवळं आणि पाणवठे खुले झाले. नुसतं पंढरपूर अडून राहिलं.

1 मे 1947 ला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झालं. मे महिन्यातलं पंढरपूरचं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. सनातनी मंडळी त्यांना भीमेपार हाकलायच्या घोषणा देत फिरत होती. त्यात गांधीजींना कोणीतरी चुकीची माहिती पुरवली आणि उपोषण सोडा म्हणून त्यांचीच तार आली. ज्यांना आयुष्यभर मानलं त्यांचंही गुरुजींनी ऐकलं नाही. शेवटी दादासाहेब मावळंकर मध्ये पडले, बडव्यांशी बोलणी झाली. 10 मे रोजी उपोषण सुटलं. त्याच वर्षी मुंबई सरकारचा मंदिर प्रवेशाचा कायदाही आला.

जातीची भिंत पडली की प्रांताची, भाषेची पाडायची, असं त्यांच्या डोक्यात होतं. एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांकडे जाऊन राहावं, यासाठी ‘आंतरभारती’ची कल्पना त्यांनी मांडली. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत ऐकणाऱ्या सोलापूरकराला ती वेगळी समजवावी लागत नाही. गुरुजींना मात्र त्यासाठी वेळ मिळाला नाही. 11 जून 1950 रोजी ते गेले, तेव्हा वय अवघं पन्नास होतं.