हक्कांचा कारागीर : जेम्स मॅडिसन

गेल्या सेमिस्टरची गोष्ट. रात्री साडेअकरा वाजता आमच्या रूमचं दार वाजलं. बाहेर रेक्टर सर! सरप्राइज चेकिंग! पाच मिनिटांत कपाटं उघडली, गाद्या उचलल्या आणि मॅगी शिजवायची आमची लाडकी कॉइल जप्त झाली. सर गेल्यावर रूममेट तावातावाने विचारू लागला, की असं कुणाच्याही खोलीत शिरून झडती घेता येते का, आपले काही राईट्स आहेत की नाहीत?

कॉइल ठेवणं नियमाबाहेरचं होतं, तेव्हा चूक आमचीच, हे आधी कबूल करतो (स्टाफही हे मासिक वाचतो ना!). पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. उद्या सरकारच घरात शिरायला लागलं तर त्याला अडवणार कोण? वाचता वाचता अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौथी दुरुस्ती सापडली. कारण असल्याशिवाय झडती नाही. वॉरंट काढायचं तर कुठे शोधायचं आणि काय शोधायचं तेही त्यात लिहिलं पाहिजे, असं ती सांगते. आणि तिच्या मागचा माणूसही सापडला. त्याचीच ही गोष्ट. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी जरा सांभाळून घ्या.

जेम्स मॅडिसनचा जन्म १६ मार्च १७५१ रोजी व्हर्जिनियात झाला. वडील तंबाखूच्या शेतीचे मोठे मालक. मुलगा मात्र लहान चणीचा, सतत आजारी. मोठेपणीही उंची जेमतेम पाच फूट चार इंच आणि आवाज इतका बारीक, की सभेतली भाषणं लिहून घेणाऱ्यांना त्याचं बोलणं ऐकू येत नसे. वाचन मात्र अफाट. आज प्रिन्स्टन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॉलेजचा अभ्यास त्याने दोन वर्षांत संपवला आणि १७७१ मध्ये पदवी घेतली.

त्या काळी व्हर्जिनियात एकच अधिकृत चर्च होतं. परवाना नसताना प्रवचन करतात म्हणून शेजारच्या भागात बाप्टिस्ट धर्मोपदेशकांना तुरुंगात टाकलं गेलं. मॅडिसन स्वतः बाप्टिस्ट नव्हता, तरी त्याला हे सहन झालं नाही. १७७६ मध्ये व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा लिहिला जात होता. मसुद्यात इतर धर्मपंथांना सहन करावं अशा अर्थाचे शब्द होते. पंचवीस वर्षांच्या मॅडिसनला ते खटकले. सहन करणं म्हणजे मेहेरबानी, आणि मेहेरबानी कधीही काढून घेता येते. त्याच्या आग्रहामुळे तिथे सर्वांचा समान हक्क आला. शब्द थोडेच बदलले, पण अर्थ पूर्ण पालटला!

पुढे १७८७ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेची घटना तयार झाली. मॅडिसन तयारी करून सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला. चर्चेच्या सविस्तर नोंदीही त्यानेच ठेवल्या. (आपल्या वर्गातही असा एक जण असतो, परीक्षेच्या आदल्या रात्री त्याच्याच वहीची झेरॉक्स निघते!) पण या घटनेत नागरिकांच्या हक्कांची यादी नव्हती. जॉर्ज मेसनने ती मागितली, ती फेटाळली गेली, म्हणून त्याने सहीच केली नाही.

आता गंमत ऐका. मॅडिसनलाही तेव्हा यादी नकोच होती! त्याचं म्हणणं असं, की सरकारला दिलेले अधिकार मोजकेच आहेत, मग वेगळी यादी कशाला? शिवाय बहुमत एकदा पेटलं की कागदाला जुमानत नाही, हे त्याने राज्यांमध्ये पाहिलं होतं. आणि यादीत चार हक्क लिहिले, तर पाचवा नाहीच असं कुणीतरी म्हणेल, ही भीतीही होती.

मग मत बदललं कसं? एक म्हणजे पॅरिसहून त्याचा मित्र थॉमस जेफरसन पत्रांतून वाद घालत होता. यादी असली तर न्यायालयांच्या हातात काहीतरी येईल, हा त्याचा मुद्दा मॅडिसनला पटत गेला. दुसरं म्हणजे निवडणूक. काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, जायला त्याच्यासमोर जेम्स मन्रो उभा होता. मतदारांत बरेच बाप्टिस्ट, आणि त्यांना आपल्या धर्मस्वातंत्र्याची लेखी हमी हवी होती. मॅडिसनने दुरुस्त्या आणण्याचं वचन दिलं. १७८९ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात दोघे गावोगाव वाद घालत फिरले. थंडीने आपलं नाक कसं गोठलं हे मॅडिसन म्हातारपणीही सांगायचा. तो ३३६ मतांनी निवडून आला.

निवडून आल्यावर वचन विसरणारे आपण खूप पाहतो. हा विसरला नाही. ८ जून १७८९ ला त्याने सभागृहात दुरुस्त्या मांडल्या. सहकारी वैतागले, त्यांना आधी करांचा प्रश्न सोडवायचा होता. तरी तो मागे लागला. राज्यांकडून आलेल्या दोनशेहून जास्त सूचना चाळून त्याने नेमक्या निवडल्या होत्या. खालच्या सभागृहाने १७ मंजूर केल्या, सिनेटने त्यांच्या १२ केल्या, आणि १५ डिसेंबर १७९१ पर्यंत पुरेशा राज्यांनी त्यातल्या १० मान्य केल्या. हेच ते प्रसिद्ध बिल ऑफ राईट्स. भाषण, वृत्तपत्र, धर्म, सभा यांचं स्वातंत्र्य, झडतीवर बंधन, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, ज्युरीसमोर खटला, क्रूर शिक्षा नाही. आणि यादीत नसलेले हक्कही लोकांचेच, असं नवव्या दुरुस्तीत लिहून त्याने स्वतःच्याच जुन्या शंकेला उत्तर दिलं.

एक गोष्ट लक्षात घ्या. पहिली दुरुस्ती लोकांना बोलायची परवानगी देत नाही. काँग्रेसने असा कायदा करू नये, असं ती सरकारला बजावते. इलेक्ट्रिकलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हा फ्यूज आहे. फ्यूज करंट देत नाही, मर्यादेबाहेर गेला की तोडतो.

पण हा फ्यूज आपोआप उडत नाही! १७९८ मध्ये सरकारवर टीका करणं गुन्हा ठरवणारा कायदा आला आणि संपादक तुरुंगात गेले. पहिली दुरुस्ती कागदावर तशीच होती. त्या कायद्याविरुद्ध व्हर्जिनियाचा ठराव मॅडिसननेच लिहिला. पुढे तो १८०९ ते १८१७ राष्ट्राध्यक्ष होता. ब्रिटनशी युद्ध झालं, १८१४ मध्ये राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान शत्रूने जाळलं, वृत्तपत्रं त्याच्यावर तुटून पडली. तरी टीकाकारांना गप्प करणारा तसा कायदा त्याने आणला नाही. सत्ता स्वतःच्या हातात असताना स्वतःच घातलेलं बंधन पाळणं, ही खरी परीक्षा.

एका परीक्षेत मात्र तो नापास झाला. हक्कांची यादी लिहिणाऱ्या या माणसाच्या मळ्यावर शंभराहून अधिक गुलाम राबत होते. २८ जून १८३६ ला, ८५ व्या वर्षी तो गेला, पण मृत्युपत्रातही त्याने त्यांना मुक्त केलं नाही. ते काम १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने केलं. राज्य सरकारांवरही बंधन हवं ही त्याची दुरुस्ती सिनेटने उडवली होती. ते बंधन १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीतून आणि पुढे विसाव्या शतकातल्या न्यायालयीन निकालांतून आलं. म्हणजे दुरुस्तीचं दार उघडं होतं, म्हणून त्याच्या चुकाही पुढच्यांना दुरुस्त करता आल्या.

आपल्या घटनेत मूलभूत हक्क पहिल्यापासून आहेत आणि कलम ३२ मुळे थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. पण दुरुस्ती दोन्ही बाजूंना वळू शकते. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने सरकारचं बळ वाढवलं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीतही जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही, असं पक्कं केलं.

शेवटी आपल्यासाठी खास. मॅडिसनच्या १२ पैकी एक दुरुस्ती खासदारांच्या पगाराबद्दल होती : पगारबदल मधली निवडणूक झाल्यावरच लागू व्हावा. ती तशीच पडून राहिली. १९८२ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या ग्रेगरी वॉटसन नावाच्या विद्यार्थ्याने, ती अजूनही मंजूर होऊ शकते असा पेपर लिहिला. मिळाली सी ग्रेड! चिडून त्याने राज्याराज्यांच्या विधिमंडळांना पत्रं लिहिली, आणि मे १९९२ मध्ये ती २७ वी दुरुस्ती म्हणून घटनेत आली, २०२ वर्षांनी. २०१७ मध्ये विद्यापीठाने त्याची ग्रेड ए केली. तेव्हा रिव्हॅल्युएशनवाल्यांनी धीर सोडू नये!

आम्हीही एक अर्ज लिहिला. चेकिंग जरूर करा, पण रूममधला एक जण हजर असताना करा, एवढंच त्यात आहे. रेक्टर सरांनी वाचला आणि ठेवून घेतला. कॉइल मात्र मागितली नाही.