झाम्यातिन व त्याची कांचेची नगरी

सत्तेवर रूपककथा रचणारा लेखक विरुद्ध पक्षांतला असला म्हणजे त्याचें लिखाण द्वेषमूलक ठरवून बाजूस सारणें सोपें जातें. रशियन कादंबरीकार येव्गेनी झाम्यातिन याच्या बाबतींत ही सोय राज्यकर्त्यांस नव्हती. तो त्यांच्यांतलाच होता. १८८४ सालीं लेबेद्यान गांवीं जन्मलेला हा तरुण सेंट पीटर्सबर्ग येथें जहाजबांधणी शिकत असतां बोल्शेविकांस मिळाला, आणि १९०५ च्या क्रांतींत पकडला जाऊन कांहीं महिने एकांतकोठडींत राहिला. १९१६ सालीं बर्फ फोडणाऱ्या रशियन जहाजांच्या बांधणीवर देखरेख करण्यासाठीं तो न्यूकॅसल येथें गेला, व पुढील वर्षीं क्रांतीच्या ओढीनें स्वदेशीं परतला. त्यांतील एका जहाजास पुढें लेनिनचें नांव देण्यांत आलें!

१९२०-२१ मध्यें त्यानें 'आम्ही' ही कादंबरी लिहिली. तींतील भावी राज्यांत माणसांना नांवें नाहींत, क्रमांक आहेत. घरें कांचेचीं, पडदा ओढावयाचा तो परवानगीच्या घटकेपुरताच. घांस किती वेळां चावावा हेंही ठरलेलें. 'उपकारकर्त्या'ची निवडणूक दर वर्षीं होते आणि ती एकमतानेंच होते. अखेर प्रजेच्या मेंदूंतील कल्पनाशक्तीच शस्त्रक्रियेनें काढून टाकण्यांत येते.

हें स्टॅलिनचें चित्र होय असें पुष्कळ वाचक समजतात. परंतु कादंबरी लिहून झाली तेव्हां स्टॅलिन पक्षाचा सरचिटणीसही झाला नव्हता. कामगाराच्या हालचाली घड्याळावर मोजणारा अमेरिकन इंजिनियर टेलर हा त्या कल्पित राज्याचा पूज्य पुरुष आहे. आणि त्याच टेलरच्या पद्धतीचा अभ्यास करावा असें लेनिननें १९१८ सालीं सांगितलें होतें. इंग्लंडांतील कारखाने लेखकानें जवळून पाहिले होते. आमच्या मतें त्याची दृष्टि एका हुकूमशहापेक्षां, माणसाला यंत्राचा भाग करूं पाहणाऱ्या वृत्तीवर होती. मात्र राज्यकर्त्यांस झोंबावें असें एक वाक्य नायिकेच्या तोंडीं आहेच: जशी शेवटची संख्या नाहीं, तशी शेवटची क्रांतिही नाहीं, असा तिचा युक्तिवाद आहे.

पुस्तक रशियांत छापूं दिलें नाहीं. १९२२ सालीं तो पुन्हां पकडला गेला, तेव्हां झारच्या अमलांत ज्या तुरुंगाच्या ज्या सज्जांत तो होता तेथेंच त्याची रवानगी झाली. १९२४ सालीं न्यूयॉर्क येथें इंग्रजी भाषांतर निघालें. १९२७ मध्यें प्रागच्या निर्वासितांच्या मासिकांत कांहीं भाग रशियन भाषेंत आले. त्याचें निमित्त करून १९२९ सालीं त्याच्यावर काहूर उठविण्यांत आलें. यांत लेखकांच्याच संस्था पुढें होत्या, ही गोष्ट आम्हां लेखणी धरणारांस अधिक लाजविते. त्यानें लेखकसंघाचा राजीनामा दिला. १९३१ सालीं त्यानें थेट स्टॅलिनलाच पत्र लिहून देशाबाहेर जाण्याची परवानगी मागितली. क्षमायाचनेचा सूर त्या पत्रांत नव्हता. गॉर्कीनें शब्द टाकला आणि परवानगी मिळाली.

पॅरिसमध्यें दिवस हलाखीचे गेले, लेखन फारसें झालें नाहीं. पण सोव्हिएत नागरिकत्व त्यानें सोडलें नाहीं. १९३७ च्या मार्चमध्यें तो तेथेंच वारला. 'आम्ही' त्याच्या मायदेशांत छापली गेली ती १९८८ सालीं.