नाणेघाटातील अक्षरांचा साधक

घोडेगावहून जुन्नर गाठावे आणि तेथून पश्चिमेला घाटघरची वाट धरावी, की सह्याद्रीच्या कड्यावर नाणेघाट लागतो. पावसाळ्यात येथे पर्यटकांची झुंबड उडते. घाटातील लेण्याच्या भिंतींवर दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे, याची दखल त्यांपैकी किती जण घेतात, हा प्रश्नच आहे. तो लेख विश्वसनीयरीत्या वाचला जावा यासाठी झटलेल्या अभ्यासकांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे स्थान अग्रभागी आहे.

भगवानलाल यांचा जन्म १८३९ मध्ये जुनागडच्या वैद्य घराण्यात झाला. इंग्रजी शाळेचे शिक्षण त्यांना लाभले नाही. मात्र गिरनारची प्रसिद्ध शिळा घराजवळच होती. जेम्स प्रिन्सेप यांनी उलगडलेल्या ब्राह्मी वर्णमालेच्या आधारे त्यांनी तिच्यावरील लेख स्वतःच लावण्यास प्रारंभ केला. याच लेखांच्या अचूक नकलांच्या शोधात असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६१ च्या सुमारास या तरुणाला मुंबईस बोलावले. पुढे १८७४ मध्ये भाऊ दाजींचे निधन होईपर्यंत ते त्यांच्यासाठी देशभर भटकत राहिले. या कष्टांचे श्रेय त्यांच्या वाट्याला त्या काळी पुरेसे आले नाही, असेच म्हणावे लागेल.

नाणेघाटचा लेख त्यांच्या आधीही अज्ञात नव्हता. कर्नल साइक्स यांनी तो उजेडात आणला होता आणि त्याच्या नकलाही प्रसिद्ध झाल्या होत्या. विद्वानांचे काम त्यावर चालले होते. परंतु नक्कलच सदोष असेल, तर तिच्यावर उभारलेला इतिहासही डळमळीतच राहणार. एक अक्षर चुकले तर राजाचे नाव बदलते आणि एक अंक चुकला तर कालगणना कोसळते. भगवानलाल यांनी मूळ शिळेचाच आधार घेतला. सातवाहन राजघराण्यातील व्यक्तींच्या येथील प्रतिमा केव्हाच नष्ट झाल्या असून केवळ पावलांच्या खुणा उरल्या आहेत. पण त्यांच्या वरच्या बाजूस कोरलेली सिमुक, सातकर्णी, नायनिका ही नावे शाबूत होती. यज्ञात दिलेल्या गायी, हत्ती व कार्षापणांच्या नोंदींत जागोजागी आकडे होते. ज्या लेखांत संख्या शब्दांतही दिली आहे, ते शेजारी ठेवून, तसेच जुन्या हस्तलिखितांतील पृष्ठांक पडताळून त्यांनी या चिन्हांची किंमत निश्चित केली. प्राचीन नागरी अंकांवरील त्यांचा निबंध १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला.

जुन्नरच्या लेण्यांतील लेखही त्यांनी अभ्यासले. जेम्स बर्जेस यांच्यासमवेत पश्चिम भारतातील लेणी-लेखांचा संग्रह त्यांनी १८८१ मध्ये सिद्ध केला. मानमोडी डोंगरातील, नहपानाचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा लेख इतिहासकारांना आजही महत्त्वाचा वाटतो. १८८२ मध्ये सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन त्यांनीच केले. लेखन ते गुजरातीत करीत. त्याचे इंग्रजी रूप इतर विद्वान सिद्ध करीत. लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली.

१६ मार्च १८८८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मथुरेचा सिंहशीर्ष त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिला. गुजरातच्या प्राचीन इतिहासावरील त्यांचे अपुरे राहिलेले काम १८९६ मध्ये मुंबई गॅझेटियरमधून वाचकांसमोर आले.