बिघडलेल्या चित्रांवर उपाय शोधणारे उपेंद्रकिशोर रायचौधुरी

कार्यपत्रिकेत फोटो टाकून झेरॉक्स काढली की चेहरे काळेकुट्ट येतात, हा अनुभव आपल्या सगळ्यांचाच आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी चित्रं बिघडण्याची अडचण कोलकात्यातल्या एका बालसाहित्यिकासमोर आली. ते म्हणजे चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय यांचे आजोबा, उपेंद्रकिशोर रायचौधुरी.

त्यांचा जन्म मे 1863 मध्ये तेव्हाच्या मैमनसिंग जिल्ह्यातील मसुआ गावी झाला. आज हा भाग बांगलादेशात आहे. मूळ नाव कामदारंजन. लहानपणीच नात्यातल्या हरिकिशोर यांनी त्यांना दत्तक घेतलं आणि नाव बदललं. पुढे ते कोलकात्यात शिकले. चित्रकला, व्हायोलिन, फोटोग्राफी, सगळ्यांतच त्यांना गोडी.

त्यांनी मुलांसाठी रामायण लिहिलं, चित्रंही स्वतःच काढली. पण पुस्तक छापून आलं तेव्हा चित्रांचा पार विचका झाला होता. त्या वेळी चित्र लाकडी ठशावर हाताने कोरून छापत. कोरताना सगळे बारकावे हरवले होते.

दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. उपेंद्रकिशोरांनी 1895 मध्ये इंग्लंडहून यंत्रसामग्री मागवली आणि हाफटोन छपाईचं काम सुरू केलं.

हाफटोन म्हणजे काय? फोटोत काळ्या-पांढऱ्याच्या कितीतरी छटा असतात. छपाईची शाई मात्र एक तर उमटते, नाही तर उमटत नाही. म्हणून काचेच्या बारीक जाळीतून फोटो घेऊन त्याचे ठिपके करतात आणि ते धातूच्या पत्र्यावर उतरवून ठसा बनवतात. मोठे ठिपके गडद दिसतात, लहान ठिपके फिकट. पण जाळीचं अंतर जरा चुकलं की ठिपके बिघडतात आणि चित्र डागाळतं. बरेच कारागीर हे काम अंदाजाने करत. उपेंद्रकिशोरांनी त्यामागचं गणित शोधलं. जाळीचं अंतर आणि भिंगापुढच्या छिद्राचा आकार, यांचा मेळ बसवला. शेजारी विचारायला कोणी जाणकार नव्हता, तरी त्यांचे लेख 1897 पासून लंडनच्या पेनरोझ या छपाईविषयक वार्षिकात येऊ लागले.

1913 मध्ये त्यांनी मुलांसाठी ‘संदेश’ मासिक काढलं. आता चित्रं त्यांना हवी तशी छापून येत होती. 20 डिसेंबर 1915 रोजी, वयाच्या अवघ्या 52 व्या वर्षी ते गेले. मासिक पुढे मुलगा सुकुमार यांनी सांभाळलं.

वर्गात एक करून बघा. वर्तमानपत्रातला फोटो मुलांना भिंगाखाली दाखवा. ठिपके दिसले की ही गोष्ट सांगा. आणि एखाद्याचं चित्र बिघडलं, तर कागद फाडू देऊ नका. नेमकं कुठे चुकलं, हे त्यालाच शोधू द्या.