एका चुकलेल्या नेमाने शेकडो बळी घेतले. ही किंमत ओळखणारा शिकारी म्हणजे जिम कॉर्बेट!

1907 साली कुमाऊँमध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली गेली. तिच्या नावावर 436 बळी होते. जिम कॉर्बेट यांनी तिचा जबडा तपासला, तेव्हा उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले दिसले. कुणाची तरी नेम चुकलेली जुनी गोळी तिथे लागली होती. नेहमीचं भक्ष्य मारणं अवघड झालं आणि वाघीण माणसांकडे वळली.

कॉर्बेट यांचा जन्म 25 जुलै 1875 रोजी नैनितालमध्ये झाला. वडील तिथे पोस्टमास्तर होते. हिवाळ्यात कुटुंब कालाढुंगीला राहायचं आणि तिथलं जंगल हीच जिमची शाळा बनली. लहानपणी हाती आलेली ठासणीची बंदूक दोन नळ्यांची होती, पण एक नळी फुटलेली. म्हणजे एकच बार. तो वाया गेला तर पुन्हा दारू ठासेपर्यंत सावज पसार! त्यामुळे आधी जवळ जायचं आणि मगच चाप ओढायचा, ही सवय लागली.

डोंगरात मात्र नेहमी जवळ जाता येत नाही. चंपावतच्या वाघिणीमागे असताना पाली गावचे लोक भीतीने घरात कोंडून बसले होते. कॉर्बेट यांनी समोरच्या खड्या उतारावरची तीन घोरलं, म्हणजे शेळीसारखे डोंगरी प्राणी, जवळपास 200 यार्डांवरून टिपली. गावाला मांस मिळालं आणि या माणसावर विश्वासही बसला.

उतारावर नेम का चुकतो?

गोळी जाताना थोडी खाली येत असते. ती किती खाली येईल, हे मुख्यतः आडव्या अंतरावर ठरतं. समजा सावज 45 अंशांच्या चढावर 200 यार्डांवर आहे. आडवं अंतर भरतं फक्त 141 यार्ड! पूर्ण 200 यार्डांचा हिशोब धरला तर गोळी सावजाच्या वरून जाते. सावज खाली दरीत असलं, तरी तेच होतं.

पण जवळून नेम लागतोच, असंही नाही. चंपावतच्या वाघिणीवर कॉर्बेट यांनी आपली तीनही काडतुसं संपवली आणि तहसीलदारांची जुनी बंदूक घेतली. 20 फुटांवरून तोंडावर धरलेली गोळी पंजाला लागली. वाघीण मेली ती आधीच्या जखमांनी.

चौगडला तर नेम बरोबर लागूनही चूक झाली. दूरच्या दोन वाघांपैकी नरभक्षक वाघीण समजून त्यांनी तिचं मोठं झालेलं पिल्लू मारलं. त्यानंतर वर्षभर वाघीण माणसं मारत राहिली. अखेर 11 एप्रिल 1930 रोजी अवघ्या आठ फुटांवर ती समोर आली. डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती, म्हणून एकाच हाताने रायफल इंचाइंचाने वळवून त्यांनी तिला मारलं.

या चुका त्यांनी पुढे स्वतःच्या पुस्तकात लिहिल्या. छंदासाठीची शिकार सोडून कॅमेरा हाती घेतला, वाघांच्या संरक्षणासाठी आवाज उठवला. 1947 मध्ये ते केनियाला गेले आणि 19 एप्रिल 1955 रोजी न्येरी इथे त्यांचं निधन झालं. पुढे कुमाऊँच्या पायथ्याच्या राष्ट्रीय उद्यानाला त्यांचं नाव मिळालं. आज तिथे वाघावर नेम धरतात ते फक्त कॅमेरे!